दावा दाखल होण्याआधीची वकिली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुका कोर्टात सिनिअरांकडे तुम्ही चार वर्षं काम करता. सनद घेतल्यापासून गावातली माणसं सल्ला विचारायला घरी येतात आणि फी मागायचा तुम्हाला संकोच वाटतो. गावासाठी, त्यातही बायकांच्या जमिनीच्या हक्कासाठी काही करावं असं मनापासून वाटतं. सिनिअर म्हणतात, आधी वकिली बसू दे, समाजकार्य पन्नाशीनंतर बघ. त्यात आता ग्रामपंचायतीला उभे राहा असा गावकीचा आग्रह सुरू झालाय. वकिली आणि समाजाचं काम एकत्र चालतं का, चालत असेल तर कसं, हे तुम्ही विचारलंय.

मी सातारा जिल्ह्यात नव्वदच्या दशकापासून दिवाणी काम करते. वाटपाचे, वहिवाटीचे, मनाई हुकुमाचे दावे, अपिलं, दरखास्ती (म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचे अर्ज) हेच माझं रोजचं काम. बरीच वर्षं गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या पॅनेलवरही होते. माझं उत्तर असं की दोन्ही एकत्र चालतं, आणि त्यासाठी पन्नाशीची वाट बघायचं कारण नाही. फक्त काम कोणतं निवडायचं हे नीट ठरवावं लागतं. रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, मंडळाचा हिशेब ही कामं चांगलीच आहेत, पण ती गावातला कोणीही करू शकतो. वकिलाशिवाय दुसऱ्याला करता येत नाही असं एक काम गावात पडून आहे, आणि माझ्या मते तुम्ही तेच करावं.

ते काम कोणतं ते सांगते. आपल्या कोर्टात जे पक्षकार हरतात, त्यांतले बरेच जण कोर्टाची पायरी चढण्याआधीच हरलेले असतात. हरकतीची मुदत निघून गेलेली असते, नको त्या कागदावर अंगठा झालेला असतो, नोटीस आलेली असून ती कपाटात पडलेली असते, मोजणी झाली तेव्हा बांधावर कोणी हजर नसतं. मग ती माणसं आपल्याकडे येतात आणि आपण चांगला दावा लिहून, चांगला उलटतपास घेऊनही त्यांना फार थोडं मिळवून देऊ शकतो. त्या आधीच्या टप्प्यावर कायदा जाणणारं एक माणूस गावात असलं, तर पंधरा वर्षांचा दावा पंधरा मिनिटांत टळतो. हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही.

तुम्ही बायकांच्या जमिनीचा विषय काढलात, तोच घेऊ. वडील वारतात. तेरावं झाल्यावर भाऊ बहिणीला म्हणतो, वारस नोंदीसाठी सही लागते, उद्या तालुक्याला ये. ती जाते, दुय्यम निबंधकांसमोर फोटो निघतो, अंगठा होतो. त्या दिवशी तिने वारस नोंदीला संमती दिली असं तिला वाटतं. प्रत्यक्षात नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालेलं असतं. फसवणुकीने झालेला दस्त रद्द करून मागायला, ती गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, आणि 'केव्हा कळलं' हा मुद्दा शाबीत करता करता तिचं निम्मं आयुष्य जातं. समोरचा वकील विचारतो, बाई, निबंधकांनी दस्त वाचून दाखवला होता ना? ती गप्प राहते, कारण कोणीतरी काहीतरी वाचलेलं तिला आठवत असतं.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे तलाठ्याकडे नुसत्या वर्दीवर, म्हणजे कळवण्याच्या अर्जावर, बहिणींची नावं कमी करणं. इथे कायदा बहिणीच्या बाजूला आहे. स्थावर मिळकतीतला हिस्सा सोडायचा तर दस्त नोंदवलेला लागतो, फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. पण गावात कोणाला हे माहीत असतं? सात-बाऱ्यावरून नाव गेलं म्हणजे हक्क गेला असं बहीणही धरून चालते आणि भाऊही. मग भाऊ जमीन विकतो, तिसरा माणूस मध्ये येतो, आणि साधा वाटपाचा दावा तिपटीने अवघड होतो.

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक पदर आहे. आपल्या राज्याने १९९४ साली, केंद्राच्या अकरा वर्षं आधी, मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला. पण तो २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना दिला नाही. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती आली आणि तिने विवाहित-अविवाहित हा भेद काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं की मुलीला हा हक्क मिळायला २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. असं असूनही आजही गावागावांत 'तुझं लग्न चौऱ्याण्णवच्या आधीचं, तुला काही मिळत नाही' असं बहिणीला ठामपणे सांगितलं जातं. सांगणाऱ्यांत अर्धवट माहितीचे शहाणे असतात, आणि वाईट वाटतं पण कधीकधी वकीलही असतात. हा एक गैरसमज तुमच्या एका गावातून तुम्ही कायमचा काढलात, तरी ते मोठं काम होईल.

हे करायचं कसं? शिबिरं भरवून होत नाही, असा माझा अनुभव आहे. सत्कार, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मग चाळीस मिनिटं कायद्याची कलमं, शेवटी आभार. बायका मागे बसतात आणि काही न विचारता घरी जातात. त्यापेक्षा महिन्यातून एक संध्याकाळ ठरवा, शाळेत किंवा समाजमंदिरात बसा आणि लोकांना आपापले कागद घेऊन यायला सांगा. सात-बारा, आठ-अ, जुने फेरफार, बँकेची नोटीस, कोर्टाचं समन्स, जे असेल ते. तुम्ही फक्त वाचून दाखवायचं. यात काय लिहिलंय, हरकत घ्यायची तर कोणाकडे, किती दिवसांत. फेरफाराची नोटीस असेल तर पंधरा दिवसांत हरकत. नोंद मंजूर होऊन गेली असेल तर प्रांतांकडे साठ दिवसांत अपील. शेताचा रस्ता अडवला असेल तर मामलतदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत. चेक परत आला असेल तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस. तुम्हाला हे तोंडपाठ आहे, म्हणून त्याची किंमत तुमच्या लक्षात येत नाही. ज्याला माहीत नाही त्याची यात जमीन जाते.

महसूल खात्याच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा आता कोणालाही मोबाइलवर बघता येतात. गावातल्या दोन-तीन शिकलेल्या मुलींना त्या बघायला शिकवा. माझ्या ओळखीच्या एका गावात बचत गटाच्या बायका दर महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर गावातले नवे फेरफार वाचतात. हे सुरू करून द्यायला एका वकिलाची एक संध्याकाळ लागली होती.

यातून तुमची वकिलीही तयार होते. सिनिअरांना हे पटवायचं असेल तर असं सांगा. पीकपाहणीच्या नोंदी प्रत्यक्षात कशा होत होत्या, २०२१ पासून ई-पीक पाहणीत त्या कशा होतात, पोटहिस्सा पडताना नकाशात नेमकं काय होतं, वहिवाटदाराचं नाव सात-बाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कसं शिरतं, हे कायद्याच्या कोणत्याही टीकाग्रंथात मिळत नाही. ते लोकांचे शेकडो कागद वाचून कळतं. पुढे तलाठी किंवा भूमापक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा त्याला कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणता विचारायचा नाही, हे ज्याने असे कागद वाचलेत त्यालाच सुचतं. उलटतपास ही वक्तृत्वाची कला आहे असं नव्या मुलांना वाटतं. माझ्या मते ती मुख्यतः माहितीची गोष्ट आहे.

आता थोडं मागे जाते, कारण 'आधी वकिली, मग समाज' हा क्रम आपल्या मातीतल्या वकिलांनी पाळलेला नाही. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सगळे सार्वजनिक काका म्हणत, ते साताऱ्याचे. पुण्यात वकिली करत त्यांनी १८७० साली सार्वजनिक सभा उभी केली. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला चालला, तेव्हा त्यांची बाजू घेणं म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणं होतं. काकांनी ते वकीलपत्र घेतलं. त्यांच्या समाजकार्याचा विचार करताना मला हा खटला सभेइतकाच मोठा वाटतो. ज्याच्या बाजूने कोणी उभं राहायला तयार नाही त्याच्या बाजूने उभं राहणं, हे वकिलाने समाजासाठी केलेलं काम आहे, आणि ते कोर्टातच करावं लागतं.

दुसरं उदाहरण महाडचं. चवदार तळ्याचा सत्याग्रह, २० मार्च १९२७, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच तळ्यावरून दिवाणी दावा लागला होता आणि डॉ. आंबेडकर त्यात प्रतिवादी होते, हे मात्र वकिलांनाही क्वचितच माहीत असतं. डिसेंबर १९२७ मध्ये, परिषद तोंडावर असताना, सनातनी मंडळींनी महाडच्या कोर्टात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो माणसं तळ्यावर जायच्या निश्चयाने महाडात जमली होती. बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मोडला नाही. परिषद झाली, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, आणि पाण्यासाठीची लढाई कोर्टात सुरू राहिली. पुढच्या फेब्रुवारीत मनाई हुकूम उठला. दाव्याचा निकाल १९३१ साली बाबासाहेबांच्या बाजूने लागला, त्यावर अपील झालं, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडला. दावा फिरला तो पुराव्यावर. अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आली आहे, हे वादींना शाबीत करता आलं नाही.

हा निकाल मी ज्युनिअरांना आवर्जून वाचायला देते. एवढी मोठी सामाजिक लढाई, आणि तिचा कोर्टातला निकाल लागतो 'रूढी शाबीत झाली का' या एका मुद्द्यावर. शाबितीची जबाबदारी कोणावर, साक्षीदार किती वर्षांमागचं सांगू शकतो, कागद काय म्हणतो. आपण रोज वाटपाच्या दाव्यात जे करतो, तेच. समाजाच्या कामासाठी वेगळी, मोठी, भाषणाची वकिली लागते असं नाही. नेहमीची वकिली नीट आणि शेवटपर्यंत केली की ती पुरते. शेवटपर्यंत हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण दहा वर्षं तारखांना हजर राहणं हाही त्या लढ्याचाच भाग होता.

आता रेघा कुठे आखायच्या ते सांगते. इथे पुष्कळ चांगले तरुण वकील अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

गावात भाऊबंदकीची बैठक बसते आणि तुम्हाला बोलावतात. जा. दोघांनाही कायदा सांगा. पण त्या बैठकीत झालेल्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होऊ असं दिसतं, त्यात वकील म्हणून उभं राहता येत नाही. उद्या त्याच कागदावरून दावा लागला तर तुम्ही वकील म्हणून बाद होता आणि साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात जाता. तसंच, एका बाजूला सल्ला दिलात की त्याच वादात दुसऱ्या बाजूचं वकीलपत्र घेता येत नाही. घरी चहा पीत दिलेला सल्लाही सल्लाच असतो. म्हणून संध्याकाळच्या बैठकीची एक वही ठेवा. तारीख, नाव, विषय, काय सांगितलं, एवढंच दोन ओळींत. गावातले दोन्ही पक्ष तुमच्याकडेच येणार हे गृहीत धरा, आणि दुसरा आला की वहीत बघून त्याला स्पष्ट सांगा की तुमच्या भावाने मला आधी विचारलंय, तुम्ही दुसऱ्या वकिलांकडे जा. वही कुलपात ठेवा. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे बंधन फी घेतली नाही म्हणून सैल होत नाही.

तडजोडीच्या कागदाबद्दल. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली, तिने बरीच चांगली कामं केली. पण तिच्या काळात स्टँपवर लिहिलेल्या वाटण्यांचे ढीगही माझ्या टेबलावर आले. नोटरी केलेल्या कागदाने जमिनीतला हक्क सुटत नाही की मिळत नाही. तडजोड झाली तर ती टिकेल अशा रूपात आणणं, हे तुमचं काम आहे. सगळ्या सहहिस्सेदारांची खरोखर संमती असेल तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घ्या, नाहीतर दस्त नोंदवा. दावा आधीच चालू असेल तर लोक अदालतीत तडजोड ठेवा. तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचा दर्जा असतो, कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील नसतं. अपील नसतं, म्हणूनच तडजोडीचा प्रत्येक शब्द पक्षकाराला मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नका. पोटगीच्या प्रकरणांत बाईवर 'घे आणि मोकळी हो' असा दबाव येतो, कधी तिच्याच माणसांचा. तिथे तिचा वकील म्हणून ठाम उभं राहा. आणि लैंगिक अत्याचार, बालकांवरचे गुन्हे हे विषय गावच्या बैठकीत मिटवायला बसत असतील तर तिथून उठा, आणि का उठलात ते सर्वांसमोर सांगा. ते गुन्हे आपसांत मिटवता येत नाहीत.

प्रसिद्धीचंही बघा. बार कौन्सिलचा नियम ३६ आपल्याला जाहिरात करू देत नाही. पाटीवर आपण कोणत्या संघटनेशी वा कोणत्या कार्याशी जोडलेले आहोत, कोणत्या प्रकारच्या कामात निष्णात आहोत, हेही लिहिता येत नाही. 'मोफत कायदेशीर सल्ला' असा तुमच्या फोटोचा फ्लेक्स मंडळाने हौसेने लावला तर तो उतरवायला लावा. शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिलेली सूचना पुरते: अमुक वारी संध्याकाळी कागद वाचायला बसणार आहोत. त्या बैठकीतून कोणाचा दावा उभा राहिला तर पहिली काही वर्षं तरी तो स्वतःकडे घेऊ नका, विधी सेवा समितीकडे किंवा दुसऱ्या वकिलाकडे पाठवा. नियम एवढं सांगत नाही, हे माझं मत आहे. पण 'फुकट बसतो आणि केसेस गोळा करतो' असं एकदा बोललं गेलं की बायका यायच्या थांबतात, आणि आपल्याला त्या यायला हव्या आहेत.

पैशाचा विषय टाळून चालणार नाही. ज्युनिअरांना मिळणारे पैसे हा आपल्या व्यवसायातला जुना अन्याय आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामीण भागात दरमहा किमान १५ हजार आणि शहरात २० हजार विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. घर चालत नसेल तर मोफत कामाची मर्यादा घालून घ्या आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नका. आपल्या नियम ४६ मध्ये गरजूला मोफत मदत करणं हे समाजाप्रती वकिलाचं सर्वांत मोठ्या कर्तव्यांपैकी एक म्हटलंय, आणि त्याच वाक्यात 'आपल्या आर्थिक मर्यादेत' असंही म्हटलंय. लिहिणाऱ्यांना आपली स्थिती माहीत होती. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून फी मागायला शिका. ऊस बिलाचे पैसे खात्यावर जमा झालेल्या बागायतदाराला फुकट नोटीस लिहून देणं हे समाजकार्य नाही. फी आधी सांगा, पावती द्या. दाव्यातल्या मिळकतीचा हिस्सा फी म्हणून कधीही ठरवू नका, नियमाने त्याला बंदी आहे.

विधी सेवेच्या पॅनेलसाठी साधारणपणे तीन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमचा झालाय. तालुका समितीकडे अर्ज करा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील कोणाला मिळतो हे मात्र स्वतः नीट समजून घ्या, कारण कोर्टाच्या आवारातही चुकीचं सांगितलं जातं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग, कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. सधन घरातली पण नवऱ्याने हाकललेली बाई 'तुमचं तर मोठं घर आहे' म्हणून परत पाठवली जाते, ते बेकायदेशीर आहे. वाटप, पोटगी, घटस्फोट अशा प्रकरणांत स्त्रियांना राज्यात कोर्ट फीही माफ आहे. मानधन थोडं असतं आणि उशिरा येतं. तरीही घ्या. मदत मिळालेल्या पक्षकाराकडून एक रुपयाही वेगळा घेऊ नका, आणि ते काम फीच्या कामाइतक्याच तयारीने करा. फुकटचा वकील म्हणजे नावाला उभा राहणारा वकील, हा समज पुसणं ही पॅनेलवरच्या प्रत्येकाची जबाबदारी आहे. १९७८ च्या होस्कोट प्रकरणात, जे महाराष्ट्रातूनच गेलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला निकालाची प्रत वेळेत आणि विनामूल्य मिळणं आणि अपिलासाठी वकील मिळणं हा त्याचा हक्क ठरवला. त्या कैद्याला प्रत हाती न आल्यामुळे अपिलाची वर्षं गेली होती. मुदत, प्रत, नोटीस! मी सुरुवातीपासून ज्यांबद्दल बोलते आहे त्याच गोष्टी त्यात आहेत.

बारच्या सामूहिक कामातही तुम्ही असावं असं मला वाटतं. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी त्यासाठी चार दशकांहून जास्त काळ मागणी लावून धरली. अनेकजण ते बघायला राहिले नाहीत. चंदगडच्या किंवा कवठे महांकाळच्या माणसाला एका तारखेसाठी रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागत होती आणि बोर्डावर नंबर न लागता परत यावं लागत होतं. आमच्याच जिल्ह्यातले किती पक्षकार खर्चाला भिऊन उच्च न्यायालयात दुसरं अपील न करता बसले, ते मी पाहिलंय. ते अपीलही कोर्टात जाण्याआधी हरलेलं होतं, फक्त अंतरामुळे. म्हणून हे आंदोलन मला वकिलांच्या सोयीचं कधी वाटलं नाही.

पण त्यातली एक गोष्ट मला तेव्हाही पटत नव्हती, ती म्हणजे कामकाजावरचा बहिष्कार. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हरीश उप्पल प्रकरणात वकिलांना संपाचा हक्क नाही असं सांगितलं, ते सोडाच. बहिष्काराच्या दिवशी ज्याचा जामीन अर्ज होता, जिचा पोटगीचा हुकूम व्हायचा होता, ती माणसं कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसून परत गेली. तुमच्या पिढीने मागण्या कराव्यात, मोर्चे काढावेत, निवेदनं द्यावीत, कोर्टाच्या वेळेबाहेर उपोषणाला बसावं. पक्षकाराची तारीख मात्र सोडू नये. बार रूममध्ये हे बोलायला धीर लागतो. बोला.

शेवटचा प्रश्न निवडणुकीचा. लोकांनी निवडून देणं हा मान आहे आणि गावाला कायदा कळणारा सरपंच मिळाला तर चांगलंच आहे, म्हणून मी सरसकट नको म्हणणार नाही. पण बार कौन्सिलचा नियम ८ वाचा. ज्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आपण आहोत, तिच्या बाजूने किंवा विरुद्ध आपल्याला कोर्टात उभं राहता येत नाही. पतसंस्था, दूध संस्था, शिक्षण संस्था यांची पदं स्वीकारतानाही हा नियम डोळ्यांसमोर असू द्या. माझ्या वाचनाने तो पंचायतीलाही लागू होतो. तुमच्या गावचे अर्धे वाद गावठाणाचे, रस्त्याचे, अतिक्रमणाचे, म्हणजे पंचायतीला पक्षकार करणारेच असतील. त्या सगळ्यांतून तुम्ही बाहेर पडाल. त्याहून मोठा तोटा असा की निवडून आल्यावर निम्मं गाव तुमच्याकडे कागद घेऊन यायचं थांबतं. विरोधी पॅनेलच्या घरातल्या बहिणीला हक्कसोडपत्राबद्दल विचारायचं असलं तरी ती सरपंचांच्या दारात येणार नाही.

म्हणून तुमच्या जागी मी असते तर आणखी पाच-सात वर्षं तरी थांबले असते. तुम्हाला उभं राहायचंच असेल तर अर्ज भरण्याआधी सिनिअरांच्या डायरीतून ग्रामपंचायत पक्षकार असलेली तुमच्याकडची सगळी प्रकरणं काढा. प्रत्येक पक्षकाराला बोलावून कारण सांगा, पुढच्या तारखेच्या आधी दुसरा वकील शोधून द्या, त्यांना ना हरकत द्या, सगळी कागदपत्रं यादी करून पोच घेऊन सोपवा, आणि घेतलेली फी झालेल्या कामापेक्षा जास्त असेल तर उरलेली परत करा.